'परवडणे' आणि 'छाटणी' : अर्थ पाठ आहे, वाक्य अडतंय

प्रश्न : ताई, मी पिंपळगाव बसवंतची. नाशिकला कॉलेज रोडला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावलाय. इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ अशी वही ठेवते. अर्थ पाठ आहेत, पण वाक्य करायला घेतलं की घोळ होतो. 'इट इज नॉट अफोर्डिंग टू अस' असं लिहिलं, तर चूक म्हणाले. का?

उत्तर : अर्थ बरोबर आहे, कर्ता चुकलाय. मराठीत वस्तू परवडते : 'हे फवारणीचं औषध आम्हाला परवडत नाही.' इंग्रजीत मात्र माणूस कर्ता होतो : 'वी कान्ट अफोर्ड धिस स्प्रे.' शिवाय या अर्थाने 'अफोर्ड' सहसा 'कॅन' किंवा 'कुड'सोबतच येतं. वस्तूलाच कर्ता करायचं असेल तर 'धिस स्प्रे इज नॉट अफोर्डेबल' म्हण. 'अफोर्ड म्हणजे परवडणे' एवढ्या ओळीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून उदाहरणाचं वाक्य हवंच.

इंग्रजी-इंग्रजी कोशाला घाबरू नकोस. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या विद्यार्थी कोशात सगळ्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवल्या होत्या. १९८७ च्या कोबिल्ड या कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, त्यामुळे शब्द कसा वापरायचा ते अर्थ वाचतानाच कळतं.

आता तुमच्याकडच्या द्राक्षबागेतला शब्द घे. 'छाटणे' शोधलंस की 'ट्रिम', 'प्रून', 'लॉप' असे तीन पर्याय मिळतील. मराठी अर्थ तिघांचा एकच, फरक व्याख्येत आहे. 'ट्रिम' म्हणजे नीटनेटकं दिसावं म्हणून कडेकडेने कापणं, दाढी, कुंपण. 'लॉप' म्हणजे फांदी सरळ तोडून टाकणं. 'प्रून'मध्ये हेतू असतो : पुढची वाढ चांगली व्हावी. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), दोन्हीला 'प्रूनिंग'च. 'वी प्रून द वाइन्स इन ऑक्टोबर' हे वाक्य तुला घोकावं लागणार नाही.

आणखी एक प्रतिसाद : मी नाशिकच्या अंबडला कारखान्यात आहे. आमच्याकडे कामगारांच्या छाटणीला सगळे 'लेऑफ' म्हणतात. ते बरोबर का?

उत्तर : बोलण्यात चालतं, दादा. 'द कंपनी लेड ऑफ फिफ्टी वर्कर्स' हे बातमीतलं इंग्रजी ठीक आहे. पण आपल्या औद्योगिक कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. 'ले-ऑफ' म्हणजे कच्चा माल, वीज अशा कारणाने तात्पुरतं काम देता न येणं. त्यात नोकरी संपत नाही. कायमची कपात म्हणजे 'रिट्रेंचमेंट'. नोटीस हातात आली तर यातला कोणता शब्द छापलाय ते आधी बघा, कारण भरपाईचे नियम त्यावर ठरतात.

प्रश्न : ताई, मग 'वी कान्ट अफोर्ड टू डिले द प्रूनिंग' चालेल का? इथे पैशाचा प्रश्नच नाहीये.

उत्तर : चालेल, अगदी चोख आहे. 'छाटणीला उशीर करून परवडणार नाही' असं आपण म्हणतोच की. फक्त 'टू'नंतर क्रियापद मूळ रूपातच ठेव, 'डिलेइंग' करू नकोस. वहीत 'अफोर्ड'समोर हेच वाक्य लिही आणि त्याखाली स्प्रेचं.