रात्री बाळ कुणी बघायचं? घुबडं, चिमण्या आणि आमचं आठ महिन्यांचं पिल्लू

हळदीचं_दूध:
माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे आणि या आठ महिन्यांत मी सलग तीन तास झोपल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे वाक्यं कुठून कुठेही गेली तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात पिल्लू धरून पाच माणसं. सासूबाई साडेनऊला मालिका बघता बघता पेंगायला लागतात आणि पहाटे साडेतीनला टक्क जाग्या. सासरे त्यांच्याही आधी झोपतात पण त्यांना उठवायला ढोलताशा पथक लागतं म्हणून त्यांना सध्या सोडून देऊ. नवरा पक्का घुबड, रात्री दोनपर्यंत एकदम फ्रेश आणि सकाळी आठला हलवलं की आपण कोण, कुठल्या गावचे अशा चेहऱ्याने बघतो. मी मधली. 'सूर्य डोक्यावर आला तरी लोळतोय' आणि 'एवढ्या पहाटे भांडी कशाला आपटता' ही दोन वाक्यं लग्न झाल्यापासून रोज ऐकतेय.

तर परवा पिल्लाला मांडीवर झोपवून (खाली ठेवलं की उठतो) मोबाईलवर हाड्झा लोकांबद्दल वाचत बसले होते. टांझानियात एयासी तलावाच्या आसपास राहतात, शिकार करून आणि कंद, मध, बोरं गोळा करून जगतात. २०१७ साली छापून आलेला अभ्यास आहे, तिथल्या ३३ मोठ्या माणसांच्या मनगटाला घड्याळासारखं यंत्र बांधून २० दिवस झोप मोजली. सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत असा वेळ त्या २० दिवसांत मिळून किती निघाला माहितीये? १८ मिनिटं! रात्री कधीही बघा, साधारण आठ जण जागे किंवा चुळबुळ करत असलेले. पहारा कुणी लावलेला नाही. तरुण मंडळी उशिरा झोपतात, म्हातारी लवकर उठतात, झाला पहारा.

हे वाचून मला एकदम वाटलं की अरे, मग आमच्या घरात बिघडलेलं काहीच नाहीये. घुबड आणि चिमणी एकाच घरात असणं ही सोय आहे आणि आपण त्यावरून भांडत बसलोय. रात्र वाटून घ्यायची. दोनपर्यंत नवरा, साडेतीननंतर आजी, मधलं मी. दूध काढून ठेवता येतं, तो वाटीचमच्याने पितो. न्यू जर्सीची मावसबहीण म्हणते त्याला वेगळ्या खोलीत ठेव, रडू दे, चार रात्रींत शिकेल. मला ते जमणार नाही. पण एकटीने जागत राहणं पण जमणार नाही. बाळ सगळ्यांनी वाढवायचं तर मग रात्रीचं पण सगळ्यांनी वाढवा की. काय म्हणता?

खवचट_काका:
नवरा दोनपर्यंत जागा असतो आणि बाळ तुम्ही बघता? ताई, मग यात टांझानियाचा काय संबंध, नवऱ्याला हलवा.

भातुकली:
बाळा, तुझी दया येते आणि तुझ्या एकत्र कुटुंबाच्या प्रेमाची पण येते. मी पुण्यात वाड्यात अकरा माणसांत दोन मुलं वाढवली. दिवसा खरंच मूल कुणाच्या कडेवर आहे हे मला माहीत नसायचं, आत्याकडे असेल, खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे असेल, भूक लागली की परत यायचं. तेवढं सुख होतं, नाही म्हणत नाही. पण रात्री मूल रडलं की त्या अकरांतलं एकच माणूस जागं व्हायचं. बाकीच्यांना झोप लागलेली असायची, किंवा लागल्याचं सोंग तरी. नळाला पाणी पहाटे पाचला, तासभर. रात्रभर मुलाने जागवलेलं असलं तरी पिंप मीच भरायचं कारण 'तू जागीच आहेस ना'. हे वाक्य लिहून ठेव. ज्याला जाग येते त्याच्या गळ्यात काम पडतं, वाटून बिटून काही होत नाही. माझी नैसर्गिक झोप कुठली होती हे मला वयाच्या पन्नाशीत मुलगी सासरी गेल्यावर कळलं, मी पण घुबडच निघाले 😀

तर्कटराव:
धागाकर्तीबद्दल सहानुभूती आहे पण तो अभ्यास थोडा नीट वाचूया. एक म्हणजे माणसं फक्त ३३. दुसरं म्हणजे त्यांचं म्हणणं राखणीबद्दल आहे, उघड्यावर झोपताना कुणीतरी जागं असलं की जनावरापासून जीव वाचतो, म्हणून वयाप्रमाणे झोपेच्या वेळा बदलणं टोळीच्या फायद्याचं ठरलं असावं असा तर्क. बाळाला दूध कोण पाजतं ते त्यांनी मोजलेलं नाही. जंगलात सिंहाची चाहूल लागणारा म्हातारा आणि लंगोट बदलणारा म्हातारा यात फरक आहे.

आणि 'नैसर्गिक झोप' हा शब्द आला की लोकांना वाटतं पूर्वी सगळे दिवेलागणीला झोपायचे आणि नऊ तास घोरायचे. २०१५ साली हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने अशा तीन जमातींची झोप मोजली, सरासरी निघाली पावणेसहा ते सात तास. झोपायचे ते सूर्य मावळल्यावर तीनेक तासांनी, म्हणजे वीज नसून आपल्यासारखेच साडेनऊ-दहा. 'लवकर निजे लवकर उठे' सांगणाऱ्या सगळ्या आजोबांना हे प्रिंट काढून द्या.

हळदीचं_दूध:
@तर्कटराव, हे पटलं. पण बाळांचं पण मोजलंय की. काँगोच्या जंगलातले बायाका लोक, २०२३ सालचा अभ्यास, एकेका बाळाला सांभाळणारे दहाच्या वर हात, आणि बाळ रडलं तर निम्म्याहून जास्त वेळा आई सोडून दुसरंच कुणीतरी धावतं. निम्म्याहून जास्त! आमच्याकडे तो रडला की चार तोंडं एकाच दिशेला वळतात. माझ्या.

तर्कटराव:
तो पण वाचलाय. ते निरीक्षण दिवसाचं आहे. भातुकली काकू तेच सांगतायत, दिवसाचं मूल सगळ्यांचं.

कोकणातून_दिमोना:
मी इस्रायलमधून लिहितेय. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजीआजोबा अलिबागकडचे, घरात अजून मराठी चालतं त्यामुळे चुका झाल्या तर माफी. इथे रात्रीचं मूल खरंच सगळ्यांचं करून बघितलेलं आहे. किबुत्झ म्हणजे शेती, कमाई, स्वयंपाक सगळं सामायिक असलेली वस्ती. पहिला किबुत्झ देगानिया, १९१० सालचा. पुढे बहुतेक किबुत्झांत मुलांसाठी वेगळं घर असायचं आणि मुलं रात्री पण तिथेच झोपायची, अगदी तान्ही सुद्धा. संध्याकाळी दोनतीन तास आईबाबांकडे, मग परत मुलांच्या घरी. रात्री सगळ्या मुलांवर मिळून एकदोन बायका राखणीला, आणि त्या पण आठवड्याला बदलणार, म्हणजे रात्री जाग आली की समोर कोण येईल ते मुलाला माहीत नाही.

माझ्या ऑफिसातली एक बाई तशी वाढलेली आहे. ती सांगते की पाच वर्षांची असताना रात्री अनवाणी निघायची, मध्ये मोठं गवताचं मैदान, स्प्रिंकलर चालू, भिजून आईबाबांच्या दाराशी. बाबा टॉवेलने पाय पुसायचे आणि उचलून परत नेऊन सोडायचे. ओरडायचे नाहीत. ती म्हणते ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९९४ चा अभ्यास पण आहे, दोन्ही गटांतली बाळं दिवसा सारख्याच पद्धतीच्या पाळणाघरात, फरक फक्त रात्रीचा. घरी झोपणाऱ्यांपैकी ८० टक्के बाळांना आईचा नीट भरवसा वाटत होता, मुलांच्या घरात झोपणाऱ्यांपैकी ४८ टक्के. त्याच दशकात ती पद्धत पूर्ण बंद झाली. जास्त करून आयांनीच बंद पाडली.

घुबड_७९:
बापरे ते पाय पुसायचं. 😔

हळदीचं_दूध:
वाचून झोपलेल्या पिल्लाला उगाच कुशीत घेतलं. (उठला.) पण मी असं कुठे म्हणतेय? तिथे अनोळखी बाई येत होती, माझ्याकडे त्याचा बाप आणि त्याची आजी आहे, घर तेच, पांघरूण तेच, आजीच्या गोधडीचा वास पण तोच.

माजलगावचा:
तुमचं सगळं बरोबर असेल पण मला राग येतोय, थोडा वेळ ऐकून घ्या. आमच्याकडे मूल सगळ्यांनी वाढवायचं म्हणजे काय ते सांगतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात, नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला बाई उठते, भाकरी करते आणि अंधारात फडात. रात्री अकराला गाडी आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला. त्यांची नैसर्गिक झोप कारखान्याच्या गाडीच्या टायमिंगवर. आणि कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, बाळ कोण बघतं? नऊ वर्षांची बहीण. माझी बहीण. मी तेव्हा दीड वर्षाचा. अंगणवाडीत नाव गावाकडे, आम्ही अडीचशे किलोमीटरवर. साखरशाळा (ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसाठी तिथेच भरणारी शाळा) एका वर्षी होती, ती जायची, पण मला कडेवर घेऊन, मी रडलो की बाहेर. तिची चौथी तशीच गेली. आता तिला कुणी 'सामूहिक बालसंगोपन' म्हणून दाखवा. जंगलातल्या लोकांकडे हौसेने बघायला छान वाटतं, पण मोठी माणसं कामाला जुंपली की ते दहा हात लहान पोरींचे असतात.

भातुकली:
@माजलगावचा, ताईला नमस्कार सांगा.

माजलगावचा:
सांगतो. तिला दोन मुली आहेत, दोघी शाळेत. थोरलीला ती धाकटीला उचलू पण देत नाही.

निवांत_गाढव:
जरा अवांतर. झोपेचं एवढं चाललंय तर शाळेचं पण बोला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं काढलं, मी पेढे वाटायचे बाकी होते. मग बसवाले म्हणाले ट्रॅफिकमध्ये जमत नाही, दोन सत्रांच्या शाळा म्हणाल्या दुसरी पाळी कधी भरवायची, आणि आमच्या सोसायटीतले पालक म्हणाले आमचं ऑफिस साडेनऊचं, पोराला नऊपर्यंत कोण बघणार. सगळ्यांची घड्याळं सांभाळून झाली की उरलेली झोप पोराची. आणि मजा म्हणजे झोप उशिरा सरकते ती वयात येताना, म्हणजे आठवी-नववीच्या पोरांची, ती बिचारी या नियमात नाहीतच. आमची नववीतली सातच्या शाळेला डोळे मिटूनच जिना उतरते.

आजी_ऑन_ड्यूटी:
मी सासूबाईंच्या बाजूने लिहिते, कारण कुणी विचारलेलं दिसत नाही. वय ६४. मला पण पहाटे साडेतीनलाच जाग येते, पाळी गेल्यापासून असंच. म्हणून मी रिकामी आहे असं कुणी ठरवलं? माझ्या उभ्या आयुष्यातले तेच दोन तास असे आहेत की घरातलं कुणी मला हाक मारत नाही. चहा घेते आणि खिडकीत बसते. कधी जप करते, कधी नुसतीच बसते. नातू झाल्यावर सुनेने फार गोड बोलून ते दोन तास मागितले, मी दिले, त्याचा मला त्रास नाही, पण ते 'माझ्या निसर्गात आहे' म्हणून घेऊ नका गं. हाड्झा म्हातारीचं मला माहीत नाही, मला गुडघे आहेत. नऊ किलोचं बाळ पहाटे पाळण्यातून उचलायचं म्हणजे आधी खाटेचा कोपरा धरून उभं राहायचं, मग एक पाय, मग दुसरा. तेवढ्यात ते रडून निळं होतं आणि सून उठून येतेच. मग झोप कुणाची वाचली?

खवचट_काका:
आजी जिंकल्या. धागा बंद करा.

घुबड_७९:
नाही, एक मिनिट. मी बाप आहे आणि घुबड आहे आणि मी हे केलंय, म्हणून लिहितो. आमच्याकडे रात्री दहा ते दोन मुलगी माझी, ठरलेलं, बायको दार लावून दुसऱ्या खोलीत. पहिले आठ दिवस भयानक, तिला मी नको होतो, मी तिला घेऊन गॅलरीत शंभर फेऱ्या मारायचो, गाणं एकच येतं ते पण आरतीचं, तेच म्हणायचो. नवव्या-दहाव्या दिवशी ती माझ्या खांद्यावर झोपली. आता चार वर्षांची आहे, अजून रात्री घाबरली की मला हाक मारते. भातुकली काकू म्हणतात ज्याला जाग येते त्याच्या गळ्यात पडतं, बरोबर, म्हणूनच आधी ठरवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी खरोखर उठायचं नाही. बायकोला ते उठायचं नाही हेच जास्त जड गेलं. आणि आजीकडून काही मागायचं नाही, त्यांनी दिलं तर घ्यायचं.

भातुकली:
आरती कुठली?

घुबड_७९:
युगे अठ्ठावीस. चार तास पुरते बरोबर.

हळदीचं_दूध:
दोन दिवसांनी येतेय, सगळ्यांचं वाचलं. आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या भाजी निवडत होत्या, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःहून म्हणाल्या की साडेतीनला उठून माझा चहा झाल्यावर, चार वाजता, त्याला माझ्या खोलीत आणून ठेवायचा, खाली गादीवर, मी उचलणार नाही, मी त्याच्याशेजारी आडवी होणार. आणि रविवारी मला हाक मारायची नाही. नवरा दोनपर्यंत घेतो म्हणाला, गाणं शोधतोय.

म्हणजे हिशोब असा की दोन ते चार आमच्याकडे कुणीच नाही, ते माझे. हाड्झांचे १८ मिनिटं, आमचे दोन तास.

निवांत_गाढव:
आणि पिल्लू नेमकं कधी उठतं?

हळदीचं_दूध:
सव्वादोन.