मॉर्मन श्रद्धांची मूलतत्त्वे समजून घेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मुलीचा विवाह अमेरिकेच्या युटा राज्यातील एका मॉर्मन (या नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबात ठरला असून, त्या मंडळींशी जाणतेपणाने आणि आदराने बोलता यावे, यासाठी त्यांच्या श्रद्धा मुळापासून समजून घेण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन चर्चची स्थापना केली आणि बायबलच्या बरोबरीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथही तेथे पवित्र मानला जातो, इथपर्यंत माझे वाचन झाले आहे. स्मिथ यांनी १८४२ मध्ये मांडलेली १३ श्रद्धासूत्रे सुरुवातीसाठी उत्तम वाटली. परंतु देवपिता, येशू ख्रिस्त आणि पवित्र आत्मा हे उद्देशाने एक असले, तरी तीन स्वतंत्र व्यक्ती आहेत, ही त्यांची धारणा इतर बहुतेक ख्रिस्ती संप्रदायांच्या त्रैक्याहून (हे तिघे मिळून एकच देव, या मताहून) नेमकी कोठे वेगळी ठरते, हे कोणी उलगडून सांगेल का?

मंदिरात बांधलेली विवाहगाठ मृत्यूनंतरही टिकते, ही श्रद्धा आम्हाला विशेष जिव्हाळ्याची वाटते. मात्र हा विधी चर्चच्या सदस्यांपुरताच असतो आणि मुलगी सदस्य नाही. अशा विवाहाकडे श्रद्धाळू कुटुंबे कशी पाहतात? दारू, तंबाखू, चहा व कॉफी त्यांना वर्ज्य असल्याने पाहुणचारात काय ठेवावे, हेही सुचवावे.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि अशा कुटुंबांशी निकटचा परिचय असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.