मदत हवी आहे: रॉक स्लायडरला वेल्डिंगपाशी गंज

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. थार, जिम्नीसाठी रॉक स्लायडर (दगडांपासून बचावाला दरवाज्यांखाली लावायचा पाइप) बनवतो. बुल बार (गाडीपुढचा लोखंडी गार्ड) नाही, त्यावर कारवाई करा असं केंद्राचं 2017 चं पत्र आल्यानंतर तो विषयच नको. माल एमएस (माइल्ड स्टील) पाइपचा, वर पावडर कोटिंग. पुण्यातल्या गाड्या ठणठणीत, पण मालवणकडच्या गिऱ्हाइकांचं कोटिंग पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडेला फुगतं. नखाने उचकटलं की पापुद्रा निघतो, खाली लालभडक गंज. फार वाईट वाटतं हो, विश्वासाने पैसे मोजलेले असतात त्यांनी.

कोटिंगखाली झिंक प्रायमर पुरेल, की हॉट डिप गॅल्व्हनायझिंगच (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवणं) करावं? त्यात बंद पाइपला भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर झिंकच्या टाकीत फुटायचा धोका. मग त्याच भोकांतून खारं पाणी शिरलं तर? कोकणातला अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. गॅल्व्हनायझिंगला छोटा लॉट घेणारा कुणी माहीत असेल तर तेही कळवा.