मदत हवी आहे: मुकुट नि कवच घरी करावं की आणावं? शिगमो तोंडावर आलाय

रोमटेकार
मंडळी, पटकन सांगा. शिगम्याच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या शिमगोत्सवाच्या, वेषभूषा स्पर्धेसाठी मुकुट, छातीचं कवच आणि बाकीचं डोक्याचं सामान हवंय. वेष भाड्याने देणारा ड्रेपरीवाला एका रात्रीचे चार हजार मागतो, अनामत वेगळी, आणि कवच पत्र्याचं, जुनं, काखेत कापणारं. ऑनलाइनवाल्यांचं फोटोत सोनं, हातात प्लॅस्टिक, माप पोरांचं. घरी करायचं तर फोम की पुठ्ठा? शिवण येत नाही. पंधरवडा आहे. ‘आधी शोधून बघ’ म्हणणाऱ्यांनी पुढे जावं.

नाट्यवेडी
पात्र कोणतं ते तरी सांगा! कृष्णाला चालेल ते कंसाला चालत नाही.

पुठ्ठावाला
पात्र कुठलंही असो, घरीच करा. ईव्हीए फोम आणा. कवचाला 10 मिमी, नक्षीला 5 मिमी. हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या यंत्राने, तापवायचा आणि कळशीच्या पोटावर दाबून धरायचा, गार झाला की गोलाई तशीच राहते. जोडायला फेविबाँड. दोन्ही कडांना लावून दहाएक मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. लोक ओलं असतानाच दाबतात आणि मग फोमला शिव्या घालतात. ग्लू गन नको, मार्चमधल्या दुपारच्या उन्हात तिचे सांधे ढिले पडतात. रंगाआधी फेविकॉलमध्ये पाणी घालून दोन हात मारा, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो.

डिचोलीचो
फोम हे शहरी चोचले. आमच्या वाड्यावर पूर्वीपासून थर्माकोल कोरतात, वर फेविबाँडने बेगड. शंभर रुपयांत मुकुट.

पुठ्ठावाला
थर्माकोलवर फेविबाँड? त्यातलं थिनर थर्माकोल खातं हो. स्प्रे रंगाचंही तेच. मुकुटाला भोकं पडतील.

डिचोलीचो
पांढरा फेविकॉल म्हणायचं होतं. मुद्दा थर्माकोलचा आहे.

खाजेंलाडू
मिशीसाठी स्पिरिट गमच वापरा. फेविकॉलने लावली तर काढताना कातडी येते. आधी कानामागे थोडा लावून बघा, काहींना पुरळ उठतं.

रोमटेकार
मिशी माझी स्वतःची आहे. आणि पात्र रावण. माझा दरवर्षी रावणच असतो, त्यात काय सांगायचं? यंदा दहा तोंडांचा करायचाय म्हणून तर विचारतोय.

नाट्यवेडी
अहो! ‘बाकीचं डोक्याचं सामान’ म्हणजे नऊ तोंडं? कवच राहू दे बाजूला, खरा प्रश्न हा आहे. चित्ररथावर उभं राहणार की रस्त्याने चालणार? शहर कुठलं?

रोमटेकार
फोंडा. चालत. परीक्षकांसमोर दोन मिनिटं संवाद.

मळेकार
नरकासुराचे मुखवटे घ्या की! म्हापशाच्या बाजारात ढीग असतो.

नाट्यवेडी
तो दिवाळीआधी, नरकासुराचे पुतळे जाळतात तेव्हा. फाल्गुनात कोण मांडून बसणार?

मळेकार
तरी वाड्यावरच्या मंडळांना विचारा. जाळण्याआधी मुखवटा काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. तसं हल्ली नरकासुरापुढे आवाजच जास्त. शिगम्याच्या मिरवणुकीत, रोमटामेळातसुद्धा ढोल-ताशा कमी नि डीजे...

अंत्रुजकार
डीजेचा धागा वेगळा काढा, बाब. रोमटेकार, नऊ तोंडं मुकुटाला जोडू नका. सगळं ओझं मानेवर येतं आणि वारा आला की डोकं फिरतं. शिवाय नऊ म्हणजे एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. तोल जाणारच. मी बांधतो ती रीत सांगतो. जुन्या ट्रेकिंगच्या सॅकचा सांगाडा घ्यायचा, कमरपट्ट्यासकट, म्हणजे वजन कमरेवर उतरतं. त्याला आडवी ॲल्युमिनियमची नळी, तिच्यावर तोंडं. चारच्या बाजूच्या टोकाला पाचव्या तोंडाइतकं वजन बांधा. वाळूची पिशवी चालते, वर चवरी सोडली की दिसत नाही.

नाट्यवेडी
आणि संवाद म्हणताना रावण मान वळवतो, बाकीची नऊ तोंडं सरळ समोर बघत राहतात. कसं दिसेल ते? आठ बाजूंना आणि नववं मुकुटावर उभं केलं तरी तोल साधतो, तोंडं हलतातही.

अंत्रुजकार
मान वळवायचीच कशाला? खांद्यातून वळायचं. साखळी गावचा शिगम्यातला वीरभद्र बघितलाय ना, दोन्ही हातांत तलवारी घेऊन अख्खं अंग कसं फिरतं!

नाट्यवेडी
तो वीरभद्र, हा रावण. याला मंदोदरीकडे तिरकं बघायचंय.

डिचोलीचो
थर्माकोलची तोंडं केली असती तर हा वजनाचा प्रश्नच आला नसता.

पुठ्ठावाला
गर्दीत एक धक्का लागला की बिभीषणाच्या आधी तुमची तोंडं फुटतील. कागदाची करा. एकच मुखवटा विकत घ्या, त्याच्यावरून नऊ काढा. मुखवट्याला व्हॅसलीन चोळायचं, वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून पाच-सहा थर. कापलेल्या नकोत, फाडलेल्या कडा एकमेकींत मिसळतात. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, झुरळं लागत नाहीत, पण घरात पोरं असतील तर जपून, ते विष आहे. कडक उन्हात दोन दिवस. एकाच साच्यावर नऊ म्हणजे सगळा पंधरवडा गेलाच, म्हणून तसलेच आणखी दोन घेऊन साचे तीन ठेवा.

रोमटेकार
सगळी तोंडं सारखीच दिसतील ना मग?

पुठ्ठावाला
भुवया नि मिशा वर लगद्याने चढवा. एक रागीट, एक हसरं, एक झोपाळू. लोकांना तेवढं पुरतं.

अंत्रुजकार
रुंदी मोजली का? एकेक तोंड वीतभर धरलं तरी पसारा दोन मीटरच्या आसपास जातो. फोंड्यात गर्दीतून काढणार कसा? आणि घरून नेणार कसा?

रोमटेकार
स्कूटरवरून.

अंत्रुजकार
मग नळीला दोन ठिकाणी बिजागरी लावा आणि पंख मागे मिटू द्या. आत जाईपर्यंत मिटून, परीक्षकांसमोर उघडायचे. टाळ्याही तिथेच पडतात.

रोमटेकार
हे पटलं. तोंडं कागदाची घरी, कवच फोमचं, मुकुट नि दागिने भाड्याने. नुसत्या मुकुटाचे ड्रेपरीवाल्याने सहाशे सांगितलेत. मंदोदरी नाहीये हो, मी एकटाच आहे. तेव्हा सॅकवालीच रीत करतो. फोंड्यात कुणाकडे हीट गन आहे का, दोन दिवसांसाठी?

पुठ्ठावाला
माझी न्या. मडगावात येऊन न्यावी लागेल.

नाट्यवेडी
नियमावलीत रुंदीची अट आहे का ते आधी बघून घ्या. मंदोदरी नसली तरी सीता असेलच ना संवादात?

सासष्टीकार
धागा आत्ताच वाचला. आमच्याकडे हनुमानाची शेपटी पडून आहे, तार घातलेली, बारा फूट. कुणाला हवी असल्यास सांगा.