पोर्ट ब्लेअर: नेताजींनी झेंडा फडकवला ती नेमकी जागा कुठली?

प्रश्न

डिसेंबरच्या शेवटी अंदमानला चाललोय, सोबत बाबा आहेत, वय ७४, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त. सेल्युलर जेल तर बघायचंच आहे पण त्यांचा मुख्य हट्ट आहे की ३० डिसेंबरला, नेताजींनी १९४३ साली जिथे तिरंगा फडकवला त्याच जागी उभं राहायचं. आता गंमत अशी की हॉटेलवाला म्हणतो समुद्राकाठचा तो उंच झेंडा म्हणजेच ती जागा, एका मित्राने मरीना पार्कमधल्या पुतळ्याचा फोटो पाठवला आणि तिसरा म्हणतो रॉस आयलंड. नक्की कुठे न्यायचं बाबांना? आणि शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालंय ना, रिक्षावाल्याला काय सांगायचं?

समुद्रवेडी

दादा, तिन्हीपैकी एकही नाही 😀 ती जागा म्हणजे जुनं जिमखाना ग्राउंड, आताचं नेताजी स्टेडियम. उंच झेंडा आहे तो साउथ पॉइंटला, १५० फुटी, २०१८ मध्ये त्या घटनेला ७५ वर्षं झाली तेव्हा उभारलेला. पुतळा मरीना पार्कमध्ये, स्टेडियमपासून जवळच. बाबांना आधी स्टेडियमपाशी न्या, मग समुद्राच्या कडेकडेने हळूहळू पुतळ्यापर्यंत या, आणि झेंड्याला रिक्षाने जा. रिक्षावाल्याला पोर्ट ब्लेअर काय नि विजयपुरम काय, "नेताजी स्टेडियम" म्हटलं की पुरे. एक मात्र लक्षात ठेवा, तिकडे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, आपल्या सवयीने चहा वगैरे घेऊन साडेपाचला निघालात तर अंधारच बघाल. आमचं तेच झालं.

भटका_जोशी

रॉस अगदीच चूक नाही हं. त्या दौऱ्यात नेताजींचा मुक्काम रॉसवरच होता, म्हणून तर २०१८ ला त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप केलं. त्याच वेळी नील बेटाचं शहीद आणि हॅवलॉक बेटाचं स्वराज झालं, ही दोन्ही नावं नेताजींचीच, त्यांनी ती अख्ख्या अंदमान आणि निकोबारला दिली होती. अबर्डीन जेट्टीवरून बोट मिळते, पोचायला फार वेळ लागत नाही, फक्त बोटीत चढता-उतरताना बाबांचा हात धरा, बोट हलते आणि मधली फट नेमकी गुडघेवाल्यांनाच त्रास देते. वर चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असं काही आवळलंय की भिंत मुळांवर उभी आहे की मुळं भिंतीवर ते कळत नाही. मी तिथेच तासभर बसलो होतो, बायको वैतागली.

अनामिक

सगळे झेंड्याचंच सांगतायत म्हणून थोडं कडू लिहितो. बेटं तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होती, मार्च १९४२ पासून. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे (नेताजींच्या नेतृत्वाखालची स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना) तिथले प्रमुख डॉ. दिवाण सिंग नेताजी आले तेव्हा त्याच सेल्युलर जेलमध्ये डांबलेले होते, जपान्यांनी छळ केला आणि जानेवारी १९४४ मध्ये ते तिथेच वारले. आणि झेंडा फडकल्यावर बरोबर महिन्याने, ३० जानेवारीला, जपान्यांनी हंफ्रीगंजला ४४ जणांना हेरगिरीचा आळ घेऊन गोळ्या घातल्या, त्यात बरेचसे लीगचेच लोक. तिथे स्मारक आहे, शहराबाहेर, टूरवाले सहसा नेत नाहीत. नेताजींना कमी लेखायचं नाहीये, पण बाबांना इतिहासाची आवड असेल तर अर्धा दिवस काढाच.

समुद्रवेडी

@अनामिक हे मला माहीतच नव्हतं, दोनदा जाऊन आले तरी. गाइडने अवाक्षर काढलं नाही.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं तर हंफ्रीगंजपाशी थांबले, म्हणाले परत वाच. आता ३० ला दुपारी तीनलाच स्टेडियम, मग पुतळा, मग झेंडा, आणि ३१ ला सकाळी हंफ्रीगंज. रॉस त्याआधी एक दिवस बसवतो. बोटीत व्हीलचेअर चढवू देतात का कुणाला माहितीये?