विषय: आईच्या बोटाला मांजर चावलीये, सोमवारपर्यंत थांबू का?

नमस्कार मंडळी,
काल संध्याकाळी शेजाऱ्यांची मांजर आईच्या मधल्या बोटाला चावली. सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. आई पुण्याहून आलीये, नुसता व्हिजिटर इन्शुरन्स आहे. तिने हळद दाबली आणि "एवढ्याशाला डॉक्टर कशाला?" म्हणून विषय संपवला. आज बोट लाल झालंय, ठणकतंय. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल?
– मंजिरी

मंजिरी, अजिबात थांबू नकोस.
हाताच्या ऑपरेशननंतर आखडलेली बोटं मोकळी करायचं माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कुत्रा चावला की मांस फाटतं, रक्त बघून माणसं धावत दवाखाना गाठतात. मांजरीचा दात बारीक आणि अणकुचीदार. बोटावर मांस असतं किती! दात थेट सांध्यात नाहीतर हाडापर्यंत जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि पाश्चुरेला नावाचा जंतू आत कोंडला जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक रुग्णालयाने २०१४ साली हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांचा अभ्यास छापला होता. त्यातल्या ५७ जणांना ॲडमिट करावं लागलं.

काकूंचं बोट अर्धवट वाकलेलंच राहतंय का? तू हलकेच सरळ केलंस तर कळ जाते का? तसं असेल तर अर्जंट केअरमध्ये (किरकोळ दुखण्यांच्या दवाखान्यात) वेळ घालवू नकोस, हाताचे सर्जन असतील अशा इमर्जन्सीलाच ने. अंगठी आत्ताच काढ. सूज वाढली की कापावी लागते, मग त्याचीच रडारड.

आणि आजचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाडातला संसर्ग त्यात दिसायला १०-१४ दिवस जातात. एमआरआयमध्ये आधी कळतो. हाडात शिरला की अँटिबायोटिक साधारण ४ ते ६ आठवडे, शिवाय हाड खरवडायची वेळ येऊ शकते. त्या बिलापुढे आजचं बिल काहीच नाही.
– वैशाली

वैशालीताईंना दुजोरा. सहसा ऑगमेंटिन हे पेनिसिलिनच्या गटातलं अँटिबायोटिक देतात, त्यामुळे काकूंना पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. नुसतं सेफॅलेक्सिन हे दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं तर जरूर विचारा, पाश्चुरेलावर त्याचा भरवसा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारतील. शेजाऱ्यांकडून मांजरीच्या रेबीज लसीचा कागद घ्या आणि १० दिवस तिच्यावर लक्ष ठेवायला सांगा.
– श्रीकांतकाका

बोट सरळ करायला गेले तर आई ओरडलीच. इमर्जन्सीला निघालोय. अंगठी साबण लावून निघाली, इन्शुरन्सचं कार्ड मात्र अजून शोधतोय.
– मंजिरी