छत्रीच्या बॉक्सला एचडीएमआय लावू की तीच जुनी तीन पिनची वायर?

आर्वीकडचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. सोयाबीन विकून बाबांसाठी ३२ इंची एलईडी आणला. धाब्यावर फ्री डिशची छत्री आहे, बॉक्स जुनाच. बॉक्सच्या मागं एचडीएमआयचं भोक आहे अन् लाल-पांढरी-पिवळी पण. डब्बा टीवीची तीन पिनची वायर होती, तीच सध्या लावली.

चित्र दिसतं, पण बातम्यांची खालची पट्टी येते ना, तिच्यातली लाल अक्षरं बाजूला पसरतात. पिवळ्या साडीची किनार मुंग्या चालल्यासारखी हलते. बाबा म्हणतात, "हे सारे लोक फुगले काहून बे?" खरंच फुगलेलेच दिसतात.

तालुक्याच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं सोनेरी पिनवाली एचडीएमआय दाखवली, १२०० रुपये. "स्वस्तवाली घेशील तर एचडी येणार नाही," म्हणे. बाजूलाच १८० वाली टांगलेली होती. काही न घेता परत आलो.

अजून एक. डब्बा टीवी आईच्या सयपाकखोलीत ठेवायचा आहे. बॉक्स बैठकीत, भिंतीभिंतीनं वायर नेली तर १२ मीटर भरते. एकाच बॉक्सवर दोन्ही टीवी चालतील का?

दिग्रसचा मेकॅनिक:
भाऊ, १८० वाली घे अन् घरी जा. डब्बा टीवीच्या काळापासून हाच धंदा करतो, म्हून थोडं लांबवर सांगतो.

पिवळ्या पिनमंधून सारं चित्र एकाच तारेनं जाते. उजेड अन् रंग दोन्ही एकात कालवलेले. आपल्याकडं १९८२ ले रंगीत दूरदर्शन आलं, तवाची पाल (PAL) नावाची रंगीत चित्र पाठवायची पद्धत हे. टीवीले ते कालवण पुन्हा वेगळं करा लागते, अन् ते कधीच पुरतं वेगळं होत नाई. लाल अक्षर पसरते ते याच्यानं, अन् किनारीवरच्या मुंग्या बी याच्याच. वायर बदलून पिवळीच नवी लावली तरी मुंग्या जाणार नाई.

एचडीएमआयमंधून आकडे जाते, शून्य अन् एक. ते पोचले तर चित्र जसंच्या तसं, सोन्याची पिन असो का पितळेची. नाई पोचले तर चित्रात चांदण्या चमकते, नाईतर पडदा काळा होऊन पुन्हा येते. "जरासं धूसर" असं काही एचडीएमआयमंधी राह्यतच नाई. दोन मीटरच्या वायरीत चांदण्या दिसल्या तर ती वायर वापस करून दे, एवढंच. महाग वायरचा इचार १०-१५ मीटर ओढायची असन तवा करायचा.

पण एक गोष्ट दुकानदारानं नाई सांगतली. फ्री डिशचे बहुतेक चॅनल ५७६ ओळीचेच, म्हंजे साधेच येते. एचडीएमआय लावून त्याईचं एचडी होत नाई. रंग जागेवर बसन, अक्षर साफ होईन, अन् आवाज त्याच वायरनं जाईन.

फुगलेले लोक हा वायरचा दोष नाई. तुमचा बॉक्स डब्बा टीवीच्या वेळचा ४:३ वर (रुंदी ४ त उंची ३) ठेवला असन, अन् एलईडी ते चित्र ताणून पडदाभर करते. बॉक्सच्या मेनूत टीवीचा आकार १६:९ कर.

अंजनगावकर:
मेकॅनिकभाऊंचं बरोबर आहे, पण इतकी घाई कशाला? माझ्या सासऱ्यांकडं अजून पिवळी पिनच आहे. त्यांना पाच फुटांवरून फरक कळत नाही. १८० रुपयात तूरडाळ येते.

आमच्याकडं उलटाच घोळ झाला होता. नव्या टीवीला तीन भोकं नव्हतीच, हेडफोनसारखं एकच बारीक भोक. त्यात टाकायला जोडवायर घेतली तर चित्र गायब अन् घर्रर्र आवाज. दोन दिवस बॉक्सला शिव्या घातल्या. शेवटी पोट्ट्यानं लाल पिन पिवळ्याच्या जागी लावून पाहिली अन् चित्र आलं. त्या बारीक पिनच्या आतली जोडणी प्रत्येकाची वेगळी असते म्हणे. एचडीएमआयला ही भानगड नाही, हे मात्र मान्य.

आर्वीकडचा:
धन्यवाद दोघांना. १८० वालीच आणतो. पण सयपाकखोलीचं काय? तिकडच्या टीवीला एचडीएमआयच नाही.

दिग्रसचा मेकॅनिक:
तिकडं पिवळीच न्यायची, तिथं तीच कामाची. बऱ्याच बॉक्सात दोन्ही संगं चालू राह्यते, काईत एचडीएमआय लावली का पिवळी बंद होते. खर्च करायच्या अगुदर डब्बा टीवी बैठकीत उचलून आन, दोन्ही वायरा लावून पाह्य.

चालली तर बाजारातली रेडिमेड लांब वायर घेऊ नको, आतमंधी केसासारखी तार राह्यते. सीसीटीव्हीची ३+१ केबल माग. दुकानदार मीटरवर कापून देते. तिच्यातली जाड तार चित्रासाठी, तीच चित्राले लागते तशी ७५ ओहमची हाये, १२ मीटर तिले काहीच नाई. बारीक तीनमंधल्या दोन आवाजासाठी. दोन्ही टोकाले पिना सोल्डर करून घे. पिन पिळून बसवशीन तर पावसाळ्यात हिरवी पडते. ही केबल लाइटच्या वायरीसंगं एका पट्टीत नेऊ नको, पडद्यावर आडवे पट्टे सरकत राह्यतीन.

अन् हे ध्यानात ठेव: दोन्हीकडं एकच चॅनल दिसन. बाबाच्या बातम्या त आईले बी बातम्या.

आता शेवटचं, पण हेच मोठं. माझ्याकडं मृगात जे टीवी येते, त्यात निम्म्याचं एचडीएमआय पोर्ट जळालेलं राह्यते. गावात अर्थिंगचा पत्ता नसते. टू पिनचा अडाप्टर असन त बॉक्सच्या पत्र्याले हात लावल्यावर झिणझिण्या येते का नाई? तोच करंट पिन घुसवतानी पोर्टातून जाते. म्हून एचडीएमआय लावतानी अन् काढतानी टीवी-बॉक्स दोन्हीचा प्लग भिंतीतून काढ. बटन बंद करून भागत नाई. इजा चमकाले लागल्या का छत्रीकडून आलेली केबल बी बॉक्सातून काढायची, लोक तेवढीच इसरते. अन् आता सयपाकखोलीची वायर बी.

आर्वीकडचा:
उशिरा सांगतोय, कापूस वेचणी होती.

एचडीएमआय लावली. मुंग्या गेल्या, अक्षरं साफ. बाबांनी आकार १६:९ केल्यावर पाहिलं अन् म्हणाले, "आता माणसं दिसते." पिवळी संगं चालते, आमचं नशीब. ३+१ केबल १५ मीटर आणली, पिना तालुक्यातल्या रेडिओवाल्याकडून सोल्डर करून घेतल्या. पहिल्या दिवशी सयपाकखोलीत घूं असा आवाज यायचा. आवाजाची एक तार मी चुकून मोकळीच सोडली होती, ती पांढऱ्या पिनच्या बाहेरच्या कड्याला जोडल्यावर थांबला.

एकच झालं. बॉक्स १६:९ वर नेल्यापासून आईच्या डब्बा टीवीवर लोक उंच अन् बारीक झाले. काही सेटिंग आहे का, म्हणून इथं विचारणारच होतो. आईला म्हटलं, दुरुस्त करून देतो. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "आवाज येते ना? मंग राहू दे."

दिग्रसचा मेकॅनिक:
त्या डब्बा टीवीच्या मेनूत १६:९ असन त कर, नसन त राहू दे. बॉक्सले हात लावू नको, बाबा पुन्हा फुगतीन.